बंगला नव्हता, खाण होती

"भिंतीवरचं हे खोटं कुणी लिहिलंय?"

शिडीवरून आवाज आला तशी रुचिराने मान वर केली. दिंडोशीच्या नव्या हॉटेलात दिवे बसवणारा वायरमन होता. कानावर टेस्टर खोचलेला, डोळ्यांत हसू.

"मी लिहिलंय," ती म्हणाली. "का?"

खोटं तर होतंच. हॉटेलांना, दुकानांना शोभेलसा जुना इतिहास शोधून देणाऱ्या मालाडच्या एका ऑफिसात ती नोकरीला होती. शोधून सापडला नाही तर रचायची. इथे तिने लिहिलं होतं, 'शंभर वर्षांपूर्वी या टेकडीवर एका इंग्रज साहेबाचा बंगला होता.'

"बंगला नव्हता, मॅडम. दगडाची खाण होती. माझी आजी इथे खडी फोडायची."

"हॉटेलच्या शेठना जुनं काहीतरी हवं होतं."

"आणि जुनं म्हणजे साहेबच?"

रुचिरा शिडीजवळ आली. "नाव काय तुझं?"

"प्रितम. रविवारी घरी ये, आजी सगळं सांगेल. चहा पण मिळेल."

"चहासाठी येईन. खाणीचं बघू."

"चहा मी करतो," तो म्हणाला. "तेव्हा तू खाणीसाठीच ये."

रविवारी ती गेली. बाहेर बारीक पाऊस होता. त्याची आजी, सोनूबाई, सत्तरीच्या पुढच्या, बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून आलेल्या.

"सुरुंग लावायच्या आदी शिट्टी वाजायची," त्या सांगू लागल्या. "समदे पळायचे. मी भाकरी घेऊन पळायची."

"भाकरी कशाला?"

"मंग? तिच्यात दगडाची कच गेली तर खायचं काय, तुझा फोन?"

रुचिरा हसत हसत वहीत लिहीत होती. पंख्याने पान उडत होतं, म्हणून प्रितमने कोपऱ्यावर बोट ठेवलं. लिहिता लिहिता तिचा हात तिथवर आला की ते बोट सरकायचं... पण जरासंच. निघताना तिने फोनवर सोनूबाईंचा हसरा फोटो काढला.

पुढचे तीन आठवडे तिचे भिंतीकडे कमी आणि शिडीकडे जास्त बघण्यात गेले.

रुचिराने सांगितलेली खाण शेठना भलतीच आवडली. "झकास. बंगला खोडा," ते म्हणाले. हॉटेलचं नावच 'खडी' ठेवलं. दारापाशी लावायला त्यांना म्हातारीचा पुरुषभर उंच फोटो हवा होता. रुचिराने तो फोनवरून पाठवून दिला, आणि फोटो लागला. खाली अक्षरं आली – 'खडी फोडणारी बाई'.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी सगळे दिवे लागले. फक्त त्या फोटोवरच्या दिव्याच्या वायरी नुसत्या लोंबत होत्या, आणि प्रितम हत्यारं पिशवीत भरत होता.

"हा एक राहिला ना?"

"राहिला नाही. मीच जोडला नाही."

"प्रितम..."

"आजीला विचारलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"साहेब मुळात नव्हताच, तरी त्याला बंगला दिलास. आजी आहे, तर तिला नाव पण नाही." त्याने पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

रुचिरा तशीच सोनूबाईंकडे गेली. झालं ते सांगितलं, चुकले म्हणाली. सोनूबाईंनी फोनमधला फोटो बराच वेळ निरखला.

"दात दिसत्यात व्हय गं?"

"दिसतात."

"मंग ऱ्हाऊ दे. पर बाई म्हंजी कोन? नाव घाल. आन् उद्या मला तितं जेवायला बसीव. त्या जागी सावलीत बसून कदी जेवले न्हाई."

बाहेर येऊन रुचिराने शेठना फोन लावला. नोकरी जाऊ शकत होती, तरी तिने सरळच सांगितलं. "फोटोखाली नाव येईल, नाहीतर फोटो उतरेल."

"आता रंगारी कुठून आणू?"

"मी लिहिते."

"आणि वाकडं आलं तर?"

"तर वाकडं."

"लिहा. पाहुणे यायच्या आत."

"त्यातली एक पाहुणी माझी आहे," ती म्हणाली. "ती जरा लवकर येईल."

दुसऱ्या दिवशी ती ब्रश घेऊन स्टुलावर चढली, तर कुणीतरी खालून स्टूल धरलं. दुसऱ्या हातात रंगाचा डबा. प्रितम आजीला घेऊन आला होता.

"आडनाव?" तिने मागे न बघता विचारलं.

"हिवराळे. तीन आठवड्यांनी विचारतेयस."

तिने लिहिलं. आतल्या टेबलावरून सोनूबाई ओरडल्या, "ए पोरी, काय लिवलंस ते वाच."

"सोनूबाई हिवराळे. या खाणीत नऊ वर्षं खडी फोडली."

"नऊ न्हाई, अकरा," त्या म्हणाल्या आणि वरणभाताकडे वळल्या.

रुचिराने नऊ खोडून अकरा केलं आणि ती खाली उतरली.

"आता तुला एक विचारायचंय," ती म्हणाली. "मला तू आवडतोस... तुला?"

"मला तू पहिल्याच दिवशी आवडलीस. खोटं लिहीत होतीस, पण अक्षर चांगलं."

"माझे बाबा कोकणातले आहेत. हट्टी. हो म्हणायला वेळ लावतील."

"आजीला पाठवू," प्रितम म्हणाला. "तिने अकरा वर्षं दगड फोडलेत."

त्याच्या बोटांना रंग लागला होता. पुसायला म्हणून रुचिराने हात धरला, आणि रंग पुसून झाला तरी सोडला नाही.