न थांबणारी जीप

यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण आधी मे महिन्यात, भर दुपारी, बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे एकट्यानं जाऊन यावं आणि मग हसावं.

साल १९५७. रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

अनुपमा ही अमरावतीच्या खुशालरावांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. खुशालरावांची कापसाची अडत होती. माणूस करारी, पण हात आखडता, आणि मायेच्या बाबतीत तर जास्तच आखडता. त्या उन्हाळ्यात ती नवऱ्याबरोबर माहेरी आली होती. निघायच्या आधी बाप म्हणाला, जीप घेऊन जा तुमी. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बापाला आपली माया आहे, हे तिला पहिल्यांदाच दिसलं होतं.

जीप लष्कराची. लढाई संपल्यावर लिलावात घेतलेली. तिचे टायर वेगळेच होते. जाड भिंतींचे, आत कडं बसवलेले. हवा पार गेली तरी गाडी त्यांच्यावर मैलोगणती धावायची. बसणाऱ्याची मात्र हाडं खिळखिळी व्हायची.

जैनुद्दीन मिस्त्रीनं कितीदा सांगून पाहिलं होतं, साधे ट्यूबचे टायर टाका, आराम पडेल. खुशालराव ऐकतील तर शपथ.

आणि आता ते स्वतःच म्हणाले...

"अनूले धक्के बसतीन. साधे टायर बसवून देतो मी."

बसवूनही दिले. जुने चारही टायर त्याच संध्याकाळी चपला शिवणाऱ्याकडे गेले. एक तरी जपून ठेवा, असं मिस्त्री म्हणाला. खुशालरावांनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. अनुपमाचा नवरा रविकांत अकोल्यात डॉक्टर होता. जीप तोच चालवत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी इतकी मऊ चालली होती, की अनुपमाला डुलकी लागली.

आणि एका कडुनिंबाजवळ...

फस्स.

मागचा टायर बसला. जुने टायर असते तर जीप तशीच पुढे गेली असती. आता ती थांबली.

रविकांत जॅक घेऊन मागे वाकला. अनुपमा पुढेच बसून राहिली.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं... काहीच ऐकू येत नाहीये.

झाडावर होले घुमत नव्हते. निंबाचं पान वाजत नव्हतं. जॅकचाही आवाज नाही.

निंबाखाली एक माणूस बसला होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. उन्हाळ्यात तिकडे सगळेच गुंडाळतात, त्यामुळे तिला काही वाटलं नाही.

"पाणी देता का, बाई?"

आवाज घोगरा होता, घसा पार सुकलेला. वऱ्हाडात उन्हाळ्यात पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. जीपला कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली होती. तिनं त्यातून पेला भरून दिला आणि विचारलं, एवढ्या उन्हात इथं काहून बसले?

"मालक डाक्टर घेऊन येतो म्हणाले... तवापासून वाट पाहून राहिलो."

तिला वाईट वाटलं. एवढ्या उन्हात माणसाला सोडून कसं जायचं?

"बसा मांगं," ती म्हणाली. "आमी अकोल्याले चाललो."

जीप मागून खाली दबली.

तेवढ्यात रविकांत हात पुसत आला. कुणाशी बोलत होतीस, असं त्यानं विचारलं. तिनं मागे वळून पाहिलं...

मागे कुणी नव्हतं. पेला तिच्या हातातच होता, कोरडा.

अकोल्यापर्यंत जीप मागून दबलेलीच राहिली. रविकांत म्हणाला, स्प्रिंगचे पाटे गेले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात होता. अनुपमा ताट वाढून घेत होती.

ओसरीवरून आवाज आला.

"अनुताई... पाणी."

ताट हातातून पडलं. तिला अनुताई म्हणणारा एकच माणूस होता. सहदेव, बापाचा जुना ड्रायव्हर. तो नोकरी सोडून गावी गेला, असं बापानंच तिला सांगितलं होतं.

ओसरीवर कुणी नव्हतं.

मग रोज दुपारी तेच. ती पेला भरून ठेवायची. पेला रिकामा व्हायचा.

शेवटी ती अमरावतीला गेली. खुशालराव बंगईवर झोके घेत बसले होते. सहदेव कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं, आणि त्यांनी जराही न अडखळता सगळं सांगितलं.

एका उन्हाळ्यात सहदेवला त्याच रस्त्यावर उलट्या सुरू झाल्या. पटकी असेल, आपल्यालाही लागेल, या भीतीनं त्यांनी त्याला निंबाखाली उतरवलं. डॉक्टर घेऊन येतो म्हणाले. टायर बसला होता, तरी तसेच निघाले. परत गेलेच नाहीत. सहदेव तिथंच, निंबाखाली गेला. त्यानंतर त्या निंबाजवळ दरवेळी टायर बसायचा, आणि ते दरवेळी तशीच गाडी दामटायचे. आता ते टायर पार घासले होते. तसले पुन्हा मिळत नव्हते, म्हणजे आज ना उद्या तिथं थांबावं लागणार होतं.

"मंग मले काहून देली जीप?"

त्यांनी पाय टेकवून बंगई थांबवली.

"मी थांबलो असतो तर तो माह्या घरी आला असता. तुहा सोभाव मले मालूम होता, अनू. तू पाणी देशीन. बस म्हणशीन."

जन्मात बापानं तिच्यातली एवढी एकच गोष्ट ओळखली होती, आणि त्याच गोष्टीच्या जोरावर तिला विकलं होतं. ती पाणीही न घेता त्या घरातून उठली आणि पुन्हा कधी गेली नाही.

जीप विकून टाकली. आवाज गेला नाही. पुढं पुढं तिला त्याची भीतीही वाटेनाशी झाली. फसवलेली माणसं दोघंही होती.

काही वर्षांनी, मे महिन्यातच, तार आली. खुशालराव गेले. ती गेली नाही.

त्या दुपारी ओसरी गप्प होती. पेला भरलेलाच राहिला. तिला वाटलं, सुटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी...

"अनुताई, पाणी."

आणि त्याच्या मागोमाग, घसा सुकलेला दुसरा आवाज.

"अनू... पाणी दे वं."

ती बराच वेळ माठापाशी उभी होती. मग तिनं एकच पेला भरला, ओसरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं.

बाहेर भांडण नाही, धडपड नाही. काहीच ऐकू आलं नाही.

ऊन उतरल्यावर तिनं दार उघडलं. पेला रिकामा होता.

तो कुणी प्यायला, हे तिला अजून कळलेलं नाही. आणि कुणी प्यायला असावा असं तिला वाटतं, हे ती कुणालाच सांगत नाही.