ओट्याखालची मुळं

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर अमावस्येची रात्र तरी घातली असती. हे घडलं रविवारी, भर दुपारी, थोरल्या काकूंच्या घरामागे.

माझे धाकटे काका फरशी बसवायचं काम करतात. हाताला सफाई अशी की, त्यांच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. थोरले काका देवाघरी जाताना या भावाला एवढंच बजावून गेले होते, "माझ्या झाडाला जप." चाळीस वर्षांचं झाड. त्यांनी लेकरासारखं वाढवलेलं.

पुढे काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले. झाडाखाली खुर्ची टाकायला सपाट ओटा हवा, म्हणाल्या. झाडांचे एक जाणकार येऊन सांगून गेले, मुळं तोडायची नाहीत, सिमेंट नको. वाळूवर फरश्या मांडा, मधे फटी ठेवा, मुळांना हवापाणी मिळू द्या.

काकांनी मान डोलावली.

पण एक मूळ वर आलेलं. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा काही मधोमध येईना, आणि काकांना ते सहन होईना. काकू दोन दिवस बहिणीकडे गेल्या, तेवढ्यात त्यांनी कुऱ्हाड चालवली. एक तोडलं की दुसरं आडवं येई. शेवटी वर काँक्रीट ओतून मोकळे झाले.

"एकाही मुळाला धक्का लावला नाही, वहिनी," त्यांनी बेधडक सांगितलं.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. "भावोजी, जरा येऊन जा. ओट्यावर बसवत नाही."

काका गेले. झाड हिरवंगार होतं. सावली कुंपणावर होती, नळावर होती, दोरीवरच्या चादरींवर होती...

ओट्यावर नव्हती.

एका पानाचीही नाही. फरशी तव्यासारखी तापलेली.

"एखादी फरशी पोकळ बसली असेल," काका म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून. गुडघ्यांवर बसले आणि सवयीप्रमाणे थापीच्या दांड्याने ठोकून पाहिलं.

टक.

आणि खालून... टक.

ते दचकून उठायला गेले. उजवा पंजा फरशीवर टेकला.

तो निघेचना.

वर ऊन रणरणत होतं, पण हाताखाली गार, ओली माती लागत होती. खालून कुणीतरी पंजा धरला होता. आणि ती पकड... ओळखीची होती.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "भावोजी, खरं सांगा. किती मुळं तोडलीत?"

"एकही नाही!"

करंगळी बधिर झाली.

"बरं... एक."

शेजारचं बोट गेलं.

"दोन! वहिनी, दोनच!"

मधलं बोट...

काकांना रडू फुटलं. याच हातावर त्यांचं घर चालत होतं. "पाच! पाच तोडली! दादा, सोड रे... चुकलो!"

पंजा सुटला.

काकू ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. आत गेल्या, घण आणून पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "फोडा." काकांनी डाव्या हाताने सगळा ओटा फोडला. मुळांची टोकं मोकळी केली, माती भरली, पाणी सोडलं. दुसऱ्या दुपारी सावली जागेवर होती.

तीन बोटांत मात्र जीव परत आला नाही. डॉक्टर म्हणतात, नसांमध्ये काहीच दोष नाही.

इथे हे संपायला हवं होतं.

गेल्या रविवारी मी काकांकडे गेलो, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताचीही बोटं बधिर झाली होती, चहाचा कप धरवत नव्हता. दार लावून घेऊन म्हणाले, "पाच नव्हती रे. सहा होती. सहावं सगळ्यात जाड, मांडीएवढं. ओट्याला लागून मागच्या दाराची पायरी आहे ना, तिच्याखालच्या काँक्रीटमध्ये त्याचं टोक अजून गाडलेलंय. वहिनीला आता कुठल्या तोंडाने सांगू? तूही बोलू नकोस, माझी शपथ आहे."

मी शब्द दिला. चूकच झाली.

आज सकाळी काकूंचा फोन आला. झाडाची एक बाजू वाळत चाललीय, का ते कळत नाही, म्हणाल्या. मग विचारलं, "तुला काका काही बोलले का रे?"

"नाही, काकू," मी म्हणालो.

हे सगळं मी डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची करंगळी... फोन ठेवल्यापासून गार पडलीय.