जावयाच्या वाणाचे अनारसे

पाच ग्लास पाणी पिऊनही शहादेवला लघवी होत नव्हती, आणि यात लॅबवाल्या संस्कृतीची काय चूक होती, सांगा. पण तो बाकड्यावरून तिच्याकडे असा बघत होता, की जणू बाटली तिनंच भरून द्यायला हवी.

"मॅडम, आणखी अर्धा तास द्या."

"घ्या की. माठात पाणी लई हाय," म्हणत तिनं हसू लपवायला रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

धारूरच्या बाजारपेठेतली ती छोटीशी लॅब. संस्कृती तिथं दिवसभर लोकांची शुगर नि कावीळ तपासायची. अणुवीज केंद्राचं काम आज पहिल्यांदाच आलं होतं. शहादेव वेल्डर होता. केंद्रातल्या पाइपांच्या कामाला त्याची निवड झाली होती, पण तिथला नियम कडक. नशा करणाऱ्याला फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही. आधी लघवीची तपासणी, मग गेटपास.

"दारू?" तिनं फॉर्म भरायला घेतला.

"माळकरी हाय मी."

"तंबाखू? गोळ्या-औषधं?"

"सुपारीसुद्धा न्हाई. मॅडम, एवढी चौकशी तर सोयरीक जमवताना पण करत न्हाईत."

"करायला पाहिजे," ती म्हणाली, आणि आपण हे का बोललो म्हणून तिचे कान गरम झाले.

शेवटी एकदाची बाटली भरली. संस्कृतीनं पट्टी बुडवली. पट्टीवर पाच रेघा उमटायला हव्यात, एकेका नशेची एकेक. चार उमटल्या. पाचवी काही उमटेना.

शहादेव खुशीत वाकून बघत होता. "एक कमी हाय. म्हणजे चांगलंच की?"

"न्हाई..." तिचा आवाज उतरला. "जिथं रेघ न्हाई, तिथं नशा. ही अफूची हाय."

तो मटकन खाली बसला. तीन वर्षं वेल्डिंगच्या परीक्षा देऊन मिळालेलं काम होतं ते. आणि गावात कळलं तर? माळकऱ्याचं पोरगं अफू खातं, म्हणजे तोंड दाखवायची सोय नाही. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. पेन संस्कृतीच्या हातात होतं, आणि त्याचा चेहरा बघून तिचं मन क्षणभर डळमळलं, खोटं कशाला बोला.

"मॅडम, जे हाय तेच लिहा," तोच म्हणाला. "खोटा कागद घेऊन मी त्या फाटकातून जाणार न्हाई. पण मी नशा करत न्हाई, एवढं तुमी मानता का?"

"मानते," ती म्हणाली. लगेच म्हणाली, विचारसुद्धा न करता. आणि मग जे होतं तेच लिहून तिनं अहवाल केंद्राच्या डॉक्टरांकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. हातात डबा. "आईनं दिलाय. आता जाणं तर न्हाई, पण ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचं तोंड गोड कर म्हणाली."

डब्यात अनारसे होते. संस्कृतीनं एक उचलला... आणि बघतच राहिली. वरून खसखस, गच्च लावलेली.

"हे तुमी किती खाल्ले?"

"धोंड्याचा महिना हाय ना. दाजींच्या वाणाला आईनं तेहतीस केलते. दाजींना शुगर, त्यांनी पाच नेले. मग तपासणीच्या आधी दोन दिवसांत मी..." तो खाली बघत म्हणाला, "सतरा."

"खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी," ती म्हणाली. "जावयाचं वाण खाऊन बसलात, आणि मला म्हणे सुपारीसुद्धा न्हाई."

आता केंद्राच्या डॉक्टरांना पटवायचं कसं? ते तिनं तिचं ठरवलं. डब्यातले अनारसे तिनं संध्याकाळपर्यंत एकेक करून खाल्ले, अकराच्या अकरा. सकाळी स्वतःची पट्टी बुडवली. चार रेघा. अफूत सापडून एवढी खूश झालेली मुलगी धारूरनं कधी बघितली नसेल. तिनं स्वतःच्या नावानिशी तो अहवाल नि अनारशाचा फोटो डॉक्टरांना धाडला. डॉक्टर फोनवर पोटभर हसले. "आठ दिवस खसखस बंद. नवव्या दिवशी पुन्हा नमुना घ्या."

मग काय, शहादेवला रोज शंका. वांग्याच्या भाजीत वाटण हाय, खाऊ का? शिरा चालंल का? फोनवर विचारता आलं असतं, पण तो भर उन्हात लॅबपर्यंत यायचा. आठव्या दिवशी शंका संपल्या, तर त्यानं विचारलं, "पाणी चालतं का?" तिनं नुसता माठाकडे हात केला. त्या दिवशी तो गेल्यावर तिला लॅब फारच रिकामी वाटली.

नवव्या दिवशी पाचही रेघा उमटल्या. केंद्रावर जायला त्याची उद्याची गाडी होती. दोघंही पट्टीकडे बघत उभे राहिले, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"तिथं कवाही बोलवून तपासतात म्हणं," तो म्हणाला. "म्हणजे खसखस कायमची सुटली."

"हं."

"मॅडम... कुणाचा जावई नसताना वाण खाल्लं, म्हणून हे सगळं झालं. आता... एकदा हक्कानं खावं वाटतं."

कूलर घरघरत होता. संस्कृतीनं फॉर्मवर शिक्का मारला, नीट बसला तरी पुन्हा एकदा मारला.

"पुढचा धोंडा तीन वर्षांनी," ती म्हणाली.

"लई लांब हाय."

"लग्नाची तयारी करायला वेळ लागतोच की." मान वर न करता ती पुढं म्हणाली, "आईला सांगते... तेहतीसच्या तेहतीस तीळ लावून करायला."

शहादेव माठाकडे वळला.

"मॅडम, जरा पाणी घेऊ का?"

"घ्या की," ती म्हणाली. "आणि मॅडम म्हणू नका आता."