आठ मात्रांची शांतता

गुरुवारी दुपारी साडेबाराला सौदामिनी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून निघाली, मांडीवर आडवा कीबोर्ड घेऊन. लातुरातल्या शिकवण्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो टांगले होते आणि कीबोर्डचं टोक प्रत्येक वळणावर कुणाच्या तरी पाठीत लागत होतं.

"वाजवताना मधे थांबू नको," शेषेराव पुढे बघतच म्हणाले.

"बाबा, पुन्हा तेच?"

"जेवायच्या वेळी शांतता ठेवू नये."

"का पण?"

"हाय एक कारण."

सौदामिनीने दात आवळले. जन्मापासून ती हे ऐकत आली होती. घरात जेवताना रेडिओ चालू हवा. वीज गेली, की निवृत्त हेडमास्तर शेषेराव चमच्याने वाटी वाजवत जेवायचे. मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या त्या याच पायी. कारण विचारलं, की "हाय एक." एवढ्यावर मोठ्या माणसांचं भागतं.

आणि तिचं सगळं आजच्या दिवसावर टेकलं होतं. क्लासचे मालक उद्धव सर, शेषेरावांचे जुने विद्यार्थी. त्यांनी जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं दिली होती. पोरांना तिचं जॅझ आवडलं तर दर गुरुवारी कार्यक्रम, मानधनासकट. नाही आवडलं तर सोमवारपासून तिने तिथेच जीवशास्त्राची बॅच घ्यायची. हे दोघा पुरुषांनी चहा पिता पिता ठरवलं होतं, तिला न विचारता.

मेसचा हॉल नवा होता. एकमजली, बिनतळघराचा. डोक्यावर नुसता स्लॅब, वर जायला जिनासुद्धा अजून बांधलेला नव्हता. तिचा साथीदार मिहिर नांदेडहून सकाळच्या एसटीने येऊन बसला होता. त्याच्या मामांचा लग्नाचा बँड. सॅक्सोफोन तो तिथेच शिकला, वरातीत चालता चालता.

"तीनशे ताटं हायेत," तो म्हणाला. "आपल्याला कोण ऐकतंय?"

कुणीच ऐकत नव्हतं. सव्वाला सुट्टी झाली आणि स्टीलचा नुसता पाऊस पडला. त्यात उद्धव सर माईकवरून म्हणाले, "मुलांनो, संगीताने एकाग्रता वाढते. जेवण चालू ठेवा, शंका असतील तर त्याही विचारून घ्या!" पहिल्या बाकावरच्या पोरीने मांडीवर पुस्तक उघडलं. सौदामिनी वाजवत होती, मिहिर उत्तर देत होता, आणि दोघांचं वाजवणं आमटीच्या बादलीत बुडत होतं. तिला रडू येण्याइतका राग आला. सहा महिने बसवलेलं हे सगळं, आणि कशासाठी? दुसऱ्या वाढपासाठी?

मग तिने हात उचलले. मिहिरकडे पाहिलं, त्यानेही सॅक्सोफोन तोंडापासून काढला. बसवलेल्या रचनेत इथे दोन मात्रांची मोकळी जागा होती. तिने आठ सोडायच्या ठरवल्या.

एक. दोन. तीन… गाणं अचानक थांबलं म्हणून पोरांनी माना वर केल्या. चमचे थांबले. तीनशे पोरं गप्प.

ठक. ठक. ठक.

खालून. फरशीखालून, अगदी लयीत.

तिला वाटलं, मिहिरचा पाय. तिने तेवढेच तीन खर्जातले सूर दिले. क्षणभर काही नाही. मग पुन्हा… ठक, ठक, ठक. या वेळी घाईने. तिने पुन्हा उत्तर दिलं. पोरं बाकांवरून पुढे झुकली. अंगावर काटा आला तिच्या, पण तो आनंदाचा होता. असं कुणी तिच्याशी वाजवलंच नव्हतं आजवर!

तेवढ्यात दाराशी थाळी बडवल्याचा आवाज झाला. शेषेराव उभे होते, चेहरा राखेसारखा, आणि चमच्याने थाळी बडवत होते. वेड्यासारखे. पोरं फिस्सकन हसली. मिहिरने वेळ ओळखून सूर उचलला आणि कसंबसं सगळं शेवटाला गेलं. टाळ्या मात्र अशा पडल्या की खिडक्या वाजल्या.

"दर गुरुवारी!" उद्धव सर म्हणाले. "आणि ते खालून वाजल्यासारखं काय करता… तेही ठेवा बरं का."

सामान आवरताना मिहिर हळूच म्हणाला, "सौदामिनी, माझे पाय खुर्चीच्या दांडीवर होते."

ती वडिलांना शोधत मागे भांडी घासायच्या मोरीपाशी गेली. "मला तोंडघशी पाडायलाच आला होतात ना?"

शेषेराव खाली बसले होते. "तू उत्तर दिलंस," ते म्हणाले.

"कुणाला?"

त्यांनी सांगितलं ते तुकड्यातुकड्यात. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा ते लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत नवे मास्तर. ट्रकात बसून मदतीला गेले. ढिगारे उपसताना दर थोड्या वेळाने कुणीतरी शिट्टी मारायचं. मग यंत्रं बंद, बोलणं बंद, सगळ्यांनी कान मातीला लावायचे. खालून ठोका आला तर दगडाने उलट ठोकायचं.

"उलट ठोकलं म्हणजे… ऐकलं, येतो. तसा नेम होता. मग उठायचं न्हाई."

"मग?"

"मी ठोकलं. तीनदा. खालून तीनदा आलं. दोन दिवस पोटात काही न्हवतं, सौदा… दीडला जेवणाची गाडी आली. पुरीभाजीची पाकिटं. सगळे उठले. मीबी उठलो. दहाच मिनिटं…" त्यांनी हात पुसले, कोरडेच होते तरी. "परत आलो तर काही न्हाई."

मोरीतला नळ टपटपत होता.

"तेव्हापासून जेवताना सगळं शांत झालं की वाजतंय. कुठंबी. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज करीत राहिलो."

तिला दया यायला हवी होती. आला तो संतापच. "म्हणजे तीस वर्षं तुम्हाला ऐकू येतंय, आणि तुम्ही वाट्या वाजवत बसलात? सगळे मोठे असेच. झाकून ठेवायचं आणि आम्हाला म्हणायचं, थांबू नका. मी थांबणार. पुढच्या गुरुवारीही थांबणार. कोण आहे ते मला विचारायचंय."

"नको, पोरी."

पुढचा गुरुवार आला. शेषेराव न बोलावता आले, रिकाम्या हाताने, आणि पहिल्या बाकावर बसले. या वेळी पोरं आधीपासूनच ऐकत होती. ठरल्या जागी सौदामिनीने हात उचलले. मिहिर थांबला. चमचे थांबले.

खालून काहीच आलं नाही.

तिने तीन खर्जातले सूर दिले आणि वाट पाहिली. पाच मात्रा. सहा. सात.

लांबून एक शिट्टी ऐकू आली. लांबच लांब, न संपणारी. ती थांबली तेव्हा गल्लीतले हॉर्न थांबले होते. कूलर थांबला. छताचे पंखे हळूहळू थांबले. वीज गेली असावी. लातूर एवढं शांत तिने कधी ऐकलं नव्हतं.

ठक. ठक. ठक.

आवाज वरून आला. जिना नसलेल्या स्लॅबवरून, दगडाने मारावा तसा. कीबोर्डच्या पांढऱ्या पट्ट्यांवर बारीक माती पडली. मग आणखी थोडी.

पहिल्या बाकावरची पोरगी पुटपुटली, "मॅडम… वर कोण आहे?"

सौदामिनीने वडिलांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"उत्तर दे," ते म्हणाले. आवाज अगदी लहान मुलासारखा. "लवकर दे, सौदा. किती वाजले?"

तिने पट्ट्या दाबल्या. वीज नव्हती, एकही सूर उमटला नाही. मिहिरने सॅक्सोफोन तोंडाला लावला, त्यातून नुसता श्वास आणि धूळ आली. तिने कुणाच्या तरी ताटातला चमचा ओढून घेतला, खुर्चीवर चढली आणि हात पुरेल तिथे खांबावर ठोकला. तीनदा. पुन्हा तीनदा. मग मोजायचं सोडूनच दिलं.

वर क्षणभर शांतता. कुणीतरी कान लावल्यासारखी.

मग लांबून गाडीचा हॉर्न वाजला, कुणीतरी ओरडलं, "जेवण आलं रे, या!" आणि डोक्यावरची पावलं एकेक करून उठली, आणि लांब जाऊ लागली.