बिनअंड्याची पोळी

बोलोन्यात अंडं घालून मळलेली पास्त्याची पोळी लाटणाऱ्या बाईची परीक्षा एकच. पोळी खिडकीला धरायची आणि तिच्यातून टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसतंय का ते बघायचं. सारागोझ्झा वेशीबाहेर भावाच्या खानावळीत नीवेस ही परीक्षा रोज सकाळी पास होत आली होती. कोपऱ्यावरच्या खिडकीतून टेकडी दिसे, आणि रस्त्याकडेच्या कमानीखालून जाणाऱ्यांना खिडकीत लाटत असलेली नीवेस दिसे. माणसं थांबून बघायची. ती मान वर करायची नाही, पण कोण किती वेळ थांबलं ते तिला बरोबर कळायचं.

तिथं एका दुपारी राखी कोटातली एक बाई आली. प्रवासी असावी, पायाशी लहानशी बॅग होती.

"मांस, दूध, चीज, अंडं, यांतलं काहीच नसलेलं काय आहे?" तिने विचारलं.

"नळाचं पाणी आहे," नीवेस आतूनच म्हणाली.

तिचा भाऊ लेआर्को हसला. पण त्याची सून कोझिमा मध्ये पडली. ती दक्षिणेकडची, पुल्या प्रांतातली. तिकडे रवा आणि कोमट पाणी एकत्र केलं की झाला पास्ता. तिकडच्या लोकांकडे कोंबड्या होत्याच कुठे, असं नीवेस नेहमी म्हणायची. कोझिमाने रवा मळून अंगठ्याने त्याच्या छोट्या वाट्या वळल्या, उकडल्या आणि लसूण घालून परतलेल्या कडवट पालेभाजीत ढवळून बाईपुढे ठेवल्या.

ताटली उचलायला नीवेसच गेली. ताटली कोरडी होती, मांडणीवरून नुकती काढल्यासारखी. तेलाचा थेंब नाही. पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला. बाई कधी गेली ते कोणीच पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलाखाली एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा कुत्रा रोज झोपायचा, तो मात्र उठून दारापाशी जाऊन बसला होता.

बाई रोज येऊ लागली. तिच्यामागून आणखी येऊ लागले. पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं, जर्मन जोडपी, सगळे वीगन, लोणी-चीजच्या या शहरात अर्धपोटी हिंडून थकलेले. कोझिमाकडे मिळतं, असं ते एकमेकांना सांगायचे. खानावळ लेआर्कोची, खिडकी नीवेसची आणि नाव मात्र कोझिमाचं. भटाला दिली ओसरी, तशातली गत. लेआर्कोने खिडकीजवळची लाटायची फळी अर्धी सुनेला देऊन टाकली.

"ताई, अर्ध्यात भागेल ना तुझं?"

"पाव फळीतही भागवीन. नाहीतर कुत्र्याशेजारी टेबलाखाली बसेन."

नीवेसला हेवा वाटत होता, आणि स्वतःपाशी ती तो लपवतही नव्हती. पोरीचे हात तरुण होते, आणि खिडकीशी थांबणारी माणसं आता तिच्याकडे बघत होती. नीवेसकडे होती ती एवढी खिडकीच. नवरा नाही, मूल नाही.

एका सकाळी ती बाजारातून परतली तर कोझिमा नीवेसच्या आईचं लाटणं घेऊन रव्याची पोळी लाटत होती. पाण्यात मळलेलं पीठ इतकं पातळ होत नाही, फाटतं, हे नीवेसने तिला कितीदा बजावलं होतं. फाटलं नव्हतं. कोझिमाने पोळी खिडकीला धरली. सान लुका दिसलं, घुमटासकट.

"आत्या, झाले का मी पास?"

"लाटणं पुसून ठेव," नीवेस म्हणाली.

उरलेलं पीठ झाकून कोझिमा भाजी आणायला गेली. नीवेसने त्यात एक अंडं फोडलं, मूठभर कोरडा रवा घातला आणि मळून मळून एकजीव केलं. रवा मुळातच पिवळा, कोणाला कळणार? बाई घास थुंकेल, चारचौघांत बोभाटा करील, कोझिमाचं नाव मातीत जाईल. मळताना नीवेसला फार बरं वाटलं.

त्या दुपारी बाईने सगळं खाल्लं. मग पहिल्यांदाच ती स्वयंपाकघराच्या दारात आली. कोझिमाकडे तिने बघितलंही नाही.

"आजचं तुमच्या हातचं," ती नीवेसला म्हणाली.

"आवडलं?" नीवेसने विचारलं.

बाईने तिचा हात हातात घेतला आणि हलकेच दाबला. "उपकार झाले. आता मी घरी जाते."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुन्हा कधीच आली नाही.

त्या दुसऱ्या दिवशीच सकाळी नीवेसने अंडं फोडलं, ते रिकामं. दुसरं फोडलं, तेही रिकामं. कवच धड, आत काही नाही. कोझिमाने त्याच ट्रेमधलं एक उचलून फोडलं. पिवळाधमक बलक फळीवर पडला.

"द्या आत्या, मी फोडते."

मग ती मळूही लागली. मग लाटूही.

"बस गं ताई जरा," लेआर्को म्हणाला. काही दिवसांनी तो ताई म्हणायचं विसरू लागला.

एका दुपारी नीवेस कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. खिम्याचा रस्सा हल्ली तिच्या घशाखाली उतरत नव्हता. रव्याचा पास्ता तेवढा उतरायचा. तो तिने खाल्ला. खाल्ल्याचं तिला नक्की आठवत होतं.

ताटली कोरडी होती.

टेबलाखाली तिच्या पायाला काहीतरी लागलं. लहानशी बॅग.

शेजारचा कुत्रा उठला आणि दारापाशी जाऊन बसला.

कोझिमा ताटली न्यायला आली. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. नव्या गिऱ्हाइकाकडे बघून हसावं तशी ती नीवेसकडे बघून हसली.

"उद्याही येणार ना, बाई? तुमच्यासाठी बिनअंड्याचं वेगळं मळून ठेवते."