डावीकडचा भार

मोजणीदार नोकरीतून मोकळा झाला तेव्हा त्याच्या बायकोला जाऊन वर्ष उलटलं होतं. दोघांची एक छोटी शिडाची होडी होती. सुट्टीच्या दिवशी खाडीत फिरायचं आणि ऊन उतरलं की परतायचं, एवढंच तिचं काम. पण एकदा महासागर ओलांडायचा, हा बेत दोघांनी मिळून केला होता. आता तो एकट्यानं तडीस न्यायचा त्यानं चंग बांधला. त्यासाठी होडी बदलणं भाग होतं. जुनी इतकी हलकी की पाय ठेवताच झुकायची. खोल समुद्रात तिचा निभाव लागला नसता. ती विकून त्यानं रुंद, जड बुडाची बोट घेतली.

जुनीचा ताबा देण्याआधी दोन्ही शेजारी शेजारी बांधून त्यानं दोर, होकायंत्र, भांडीकुंडी असं सगळं हलवलं. शेवटचा खोका ठेवून तो केबिनमध्ये टेकला, तोच बोट डावीकडे कलली. अगदी थोडी, धक्क्यावरून कुणी आत पाय टाकावा तशी. कोण आलं म्हणून तो वर गेला. वर चिटपाखरूही नव्हतं.

लाट आली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण लाटेनं कललेली बोट पुन्हा सरळ होते. ही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी डागडुजीला आलेला मिस्त्री धक्क्यावरूनच डोळे बारीक करून बघत राहिला.

"साहेब, डावीकडे ओझं जास्त झालंय."

"सामान मी स्वतः तोलून लावलंय."

"मग कुणीतरी बसलंय तिथे," मिस्त्री हसला आणि कामाला लागला.

मोजणीदारानं पाण्याचे कॅन उजवीकडे सरकवले, तेव्हा कुठे बोट सरळ झाली. संध्याकाळी तो चहा घेऊन उजव्या बाकावर बसला. जराशानं बोट हळूच उजवीकडे झुकली आणि कपातला चहा काठाशी आला. त्याच्या अंगावर काटा आला. तरी तो उठला नाही. कितीतरी महिन्यांत त्याच्या शेजारी येऊन कुणी बसलं नव्हतं.

निघायच्या दिवशी थोरली बहीण निरोप द्यायला आली. केबिन बघता बघता ती डाव्या बाकावर बसली आणि लगेच उठली.

"हा बाक उबदार कसा रे?"

"ऊन येतं तिथे."

तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीवर ताडपत्री होती.

"अजून विचार कर," ती म्हणाली. "एवढ्या पाण्यात बोलायलाही कुणी नाही."

"घरात तरी कोण होतं, ताई?"

बहिणीनं पदरानं डोळे टिपले आणि ती धक्क्यावर उतरली.

किनारा मागे पडला, मग दिसेनासा झाला. शिडं, सुकाणू, झोप, पुन्हा शिडं, यात दिवस जाऊ लागले. वारा मंदावला की तो भार जाणवायचा, बहुतेक वेळा डावीकडे, कधी अगदी जवळ. मोजणीदार उजवीकडे बसायचा, म्हणजे तोल राहायचा. तो त्या भाराशी एक अक्षर बोलला नाही. विचारलं आणि उत्तर आलं तर? त्याहून, आलंच नाही तर? बायकोचं नाव तर त्यानं मनातही घेतलं नाही.

एका दुपारी वारा साफ पडला. समुद्र ताटासारखा सपाट झाला, शिडं लोंबू लागली. मोजणीदार बटाटे सोलत बसला होता.

बोटीची डावी बाजू उचलली गेली. हलकेच. कुणी उतरून जावं तशी.

चहूकडे नुसतं पाणी होतं.

"थांब," तो म्हणाला. बंदर सोडल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

पाण्यावर तरंगही उठला नाही.

तो धावत डावीकडे गेला आणि कठड्यावर ओणवला. पाणी निळं, नितळ, खोल. तो बराच वेळ खाली बघत राहिला.

मग त्याच्या ध्यानात आलं. तो धावत आला होता. अंगाचा सगळा भार कठड्यावर टाकून उभा होता.

बोट कलली नव्हती.

तो उजवीकडे गेला. मुद्दाम पाय आपटत पुन्हा डावीकडे आला.

बोट सरळच होती, रिकाम्या बोटी बंदरात उभ्या असतात तशी.