विडा वाळेपर्यंत

विड्याचे पान कडेने आधी वाळते. कडेची हिरवी रेघ प्रथम पिवळट होते, मग ती किंचित आत वळते. मधली शीर मात्र बराच काळ ओली आणि ताठ राहते. वारंगगडाच्या दारूकोठाराचे हवालदार सटवोजी काटकर त्या पहाटे देवघरासमोर उकिडवे बसून हेच पाहत होते. चांदीच्या तबकात, ओल्या फडक्याखाली, तंजावरच्या वकिलाने ठेवलेला विडा होता. त्याची कड अजून वळली नव्हती.

बाहेर गड दिसत नव्हता. सह्याद्रीच्या त्या टोकावर धुके दरीतून वर येई, तटावर रेंगाळे आणि घराघरांत शिरे. बुरूज, सदर, देवीचे देऊळ, सगळे एकाच राखी रंगात बुडालेले होते. आतल्या खोलीत सटवोजींची सात वर्षांची मुलगी साळू झोपली होती. तिच्या प्रत्येक श्वासाला शेवटी बारीक शिट्टी वाजे. याच धुक्याने याच खोलीत तिचे दोन थोरले भाऊ नेले होते, आणि त्यांचेही श्वास आधी असेच वाजू लागले होते.

वैद्याने स्पष्ट सांगितले होते की पोरीला कोरड्या, उबदार मुलखात न्या, नाहीतर पुढचा पावसाळा तिचा नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तंजावरचे वकील अंतोजीपंत गडावर आले. कावेरीकाठच्या मराठी दौलतीला तोफांची दारू बनवणारा जाणता माणूस हवा होता. राहायला घर, हाताखाली माणसे, आजच्या तिप्पट मान. देवानेच धाडल्यासारखे बोलावणे होते. तरीही सटवोजींनी विडा उचलला नव्हता.

सह्याद्रीच्या मुलखात परक्या दरबाराची चाकरी विड्यावर ठरे. बोलावणाऱ्याने विडा घरी आणून ठेवायचा. ज्याला बोलावणे असेल त्याने पान वाळण्यापूर्वी तो उचलायचा किंवा तबक परत पाठवायचे. उत्तर न देता पान वाळू दिले तर बोलावणाऱ्याचा अपमान होई. वरचे फडके ओले करायला मात्र कोणाची मनाई नव्हती. सटवोजी रोज रात्री त्यावर चोरून पाणी शिंपडत. त्यांची बायको लाडूबाई दिवसा शिंपडे. दोघांनी एकमेकांना सांगितले नव्हते.

आदल्या संध्याकाळी अंतोजीपंत फडक्याखाली डोकावून गेले होते. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले होते, "हवालदार, तुमच्या घरी पान वाळत नाही. मुळं फुटायची वाट पाहताय काय?"

सटवोजी हसले नव्हते. त्यांना जाण्याचे भय वाटत होते: न पाहिलेल्या नद्या, न कळणारी भाषा, वाटेत पोरीला काही झाले तर अनोळखी माणसांच्या दारात उभे राहणे. आणि राहण्याचेही भय वाटत होते. ते तर रात्रभर शेजारच्या खोलीत शिट्टी वाजवत असे. आयुष्यभर दारूच्या संगतीत राहिलेला हा माणूस भयाचे ऐकून जगला होता. कोठारात हात कचरला की तो मागे घ्यायचा, हा त्यांचा नेम, आणि म्हणून त्यांची दहाही बोटे शाबूत होती. आता भय दोन्ही बाजूंनी बोलत होते, आणि मागे घ्यायला जागा उरली नव्हती.

गडावर सगळ्यांनाच त्यांच्या उत्तराची घाई होती. सर्वांत जास्त घाई नायब सुभानरावाला. किल्लेदार हैबतराव निगडे वृद्ध झाले होते. डोळ्यांत पडदा आल्याने ते बालेकिल्ल्यावरच बसून असत, आणि खालचा कारभार नायब पाही. तो रोज येऊन तंजावरच्या उन्हाचे वर्णन करी. तंजावर त्याने पाहिलेले नव्हते.

दार वाजले. नायबाचा प्यादा पाण्याची घागर घेऊन उभा होता. चूल विझवायला आलो, असे त्याने खाली मान घालून सांगितले. आज झाडा आहे.

लाडूबाई चुलीपाशी ओव्याचे पाणी उकळत होती. त्याची वाफ घेतल्याशिवाय साळूचा श्वास मोकळा होत नसे. एवढे आधण येऊ दे रे, असे तिने विनवले. पण हुकूम सगळ्या गडाला आहे असे पुटपुटत त्याने निखाऱ्यांवर पाणी ओतले आणि तो पुढच्या घरी गेला. चुलीतून राखेचा ओला वास उठला.

झाडा म्हणजे कोठाराची मोजदाद. हवालदार बदलला की ती होई. त्या दिवशी बुरुजांवरच्या तोफांशेजारी ठेवलेल्या दारूच्या थैल्यासुद्धा मोजण्यासाठी कोठारापुढच्या अंगणात आणून रचत. ठिणगीचे भय नको म्हणून गडावरची प्रत्येक चूल आणि पहारेकऱ्यांच्या बंदुकीची प्रत्येक जामगी, म्हणजे सोऱ्याच्या क्षारात भिजवलेली, धुमसत राहणारी दोरी, विझवली जाई. तेवढा वेळ गडाच्या तोफा आंधळ्या असत. म्हणून झाड्याचा दिवस किल्लेदार स्वतः ठरवीत, आणि तोही नव्या चाकरीचा विडा उचलला गेल्यावरच.

सटवोजींनी तबकाकडे पाहिले. विडा जागच्या जागी होता.

ते बाहेर पडले आणि तटापाशी आले. धुक्यात उतरत्या कड्याचा पहिला हातभर दगड तेवढा दिसत होता. सकाळी दरीतली हवा तापू लागली की कड्याला घासत वर येते आणि खालचे वास आणते; कधी ओल्या गवताचा, कधी गुरांचा. सटवोजींनी श्वास घेतला. आणखी एकदा घेतला. 

जळत्या सोऱ्याचा वास येत होता.

हा वास ते झोपेतही ओळखत. गडावरची प्रत्येक जामगी आता विझलेली होती. म्हणजे जळणाऱ्या जामग्या खाली होत्या, कड्याच्या पोटाशी, आणि वास एवढा दाट येत होता की त्या एकदोन नव्हत्या. पलीकडच्या खोऱ्यात महिनाभर गुरे चारण्याच्या निमित्ताने तळ देऊन बसलेला गनीम धुक्याआडून गडाखाली आला होता, आणि गडावरून कोणीतरी त्याला आजचा दिवस कळवला होता. तंजावरच्या बोलावण्याचा आडोसा कोणाला सोयीचा झाला, हे आता सटवोजींना विचारावे लागले नाही.

ते धावत घरी परतले. त्यांनी लाडूबाईला दोन वाक्यांत सगळे सांगितले. बालेकिल्ल्यावर जाऊन किल्लेदारांना उठव. माझ्या माणसाला वाटेत अडवतील, पोर घेऊन निघालेल्या बाईला अडवणार नाहीत.

लाडूबाईने साळूला घोंगडीत गुंडाळून कडेवर घेतले. उंबऱ्यात ती थांबली. "आणि तुम्ही?"

"मला विस्तव हवा."

ती चुलीकडे पाहू लागली. सटवोजींनी नकारार्थी मान हलवली. झाड्याच्या दिवशीही गडावर एक ज्योत विझवत नसत, देवीपुढचा नंदादीप.

देवळात गुरव नव्हता. गाभाऱ्यात ज्योत स्थिर जळत होती. सटवोजींनी कमरेची जामगी काढून टोक ज्योतीला लावायला नेले, पण दोरी दोनदा ज्योतीला चुकली. तिसऱ्यांदा ती धरली आणि टोकाला लाल ठिपका उमटला. त्यांनी देवीकडे काहीच मागितले नाही. मागायचे काय, तेच त्यांना ठरवता येत नव्हते.

कोठारापुढच्या अंगणात कातड्यांवर थैल्यांचा ढीग छातीभर उंच रचला होता. एक थैली उसवून काळी भुकटी सांडली होती. सुभानराव दहा-बारा माणसांनिशी उभा होता. धुक्यातून येणारे हवालदार पाहून त्याने हसून हात पुढे केला आणि कोठाराची किल्ली मागितली. मग त्याला त्यांच्या मुठीतला लाल ठिपका दिसला, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

सटवोजी ढिगापाशी जाऊन उभे राहिले. एक वीतभर अंतर असेल. जामगीच्या टोकावरची राख वाढत होती.

"विडा अजून तबकात आहे, नायब," ते म्हणाले. "मग हा झाडा कोणाचा?"

 सटवोजींनी गोलंदाजांना नावे घेऊन हाका मारल्या आणि पश्चिम बुरुजाच्या थैल्या उचलून पुन्हा बुरुजावर न्यायला सांगितले. गोलंदाज नायबाकडे पाहू लागले. नायब सटवोजींच्या हाताकडे पाहत होता. तो हात मनगटापासून थरथरत होता. निधड्या छातीचा माणूस जामगी धरून उभा असता, तर सुभानरावाने त्याच्याशी बोलून वेळ काढला असता, कदाचित झडपही घातली असती. पण हा माणूस भ्यालेला होता, आणि त्याचा हात त्याच्या ताब्यात नव्हता. उसवलेल्या थैलीवर राखेचा पहिला कण पडला. तो विझलेला होता, तरी सगळे अंगण एक पाऊल मागे सरले.

"हवालदार, हात आवरा." सुभानरावाचा आवाज फाटला.

"आवरत नाही."

"आपण सगळे उडून जाऊ. तुमची पोरसुद्धा."

"म्हणून तर कापतोय," सटवोजी म्हणाले. "थैल्या उचलायला सांगा."

नायबाने होकारार्थी मान हलवली. गोलंदाजांनी थैल्या उचलल्या. सटवोजी शेवटच्या थैलीमागून बुरुजापर्यंत चालत गेले, कारण गडावर जळती जामगी एकच होती. तोफ ठासली गेली. तिचे तोंड कड्याकडे वळवले गेले आणि त्यांनी कान्यावर, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रावर, जामगी टेकवली. धुक्यात आवाज आधी गुदमरला आणि मग साऱ्या दरीतून उलटून आला. त्यापाठोपाठ खालून माणसांचे ओरडणे, दगड घरंगळणे, पळणाऱ्या पावलांचा गलका ऐकू आला. दुसऱ्या तोफेची गरज पडली नाही. आंधळ्या गडावर चढायला आलेले लोक डोळे उघडे असलेल्या गडाखाली थांबणार नव्हते.

किल्लेदार दोघांच्या आधाराने खाली उतरले तेव्हा पश्चिमेच्या बुरुजाआड दडवलेले दोरखंडाचे शिडीवजा जाळे सापडले होते, आणि ते बांधायला नेमलेल्या माणसांनी नायबाचे नाव सांगितले होते. सुभानरावाला बेड्या पडल्या. लाडूबाई किल्लेदारांच्या मागे उभी होती. बालेकिल्ल्याची चढण तिने पोर घेऊन एका दमात चढली होती. साळूचे ओठ निळसर झाले होते.

दुपारी धुके विरळ झाल्यावर सदर भरली. अंतोजीपंत एका कोपऱ्यात ओशाळून बसले होते. बोलावणे खरे होते, मोहोर खरी होती. त्यांचा दोष एवढाच की मुक्कामाच्या पहिल्याच रात्री त्यांनी आपल्या येण्याचे काम नायबाला विश्वासाने सांगितले होते. हैबतरावांनी सटवोजींना जवळ बोलावले, चाचपडत त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग त्यांनी नायबीची वस्त्रे आणायला सांगितली. सदरेवरून समाधानाची कुजबुज गेली. हवालदार आता कुठेही जाणार नाहीत, हे सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकले होते. एका गोलंदाजाने तर पंतांना कोपरखळी मारली की तुमचा विडा आता आम्हीच वाटून खातो.

"पंतांचे तबक परत पाठवून द्या, सटवोजी," किल्लेदार म्हणाले. "हा गड आता तुमचा आहे."

सटवोजींनी तबक आणवले. सकाळपासून कोणीच त्यावर पाणी शिंपडले नव्हते. फडके कोरडे झाले होते. त्यांनी ते बाजूला केले. पानाची कड सगळीकडून आत वळली होती, हिरवेपण शिरेपाशी तेवढे उरले होते, आणि तेही फार वेळ टिकणार नव्हते. सदरेच्या खांबाआड लाडूबाई बसली होती. तिने मान वर केली नाही. तिच्या मांडीवर साळू होती, आणि सदर गप्प झाल्यामुळे तिच्या श्वासाची शिट्टी आता सगळ्यांना ऐकू येत होती.

सटवोजींना भय वाटत होते. सकाळी अंगणात वाटले होते तेवढेच. ते कमी होईल म्हणून इतके दिवस त्यांनी वाट पाहिली होती, पानावर पाणी शिंपडले होते. सकाळीही ते कमी झाले नव्हते, आणि थैल्या तरीही बुरुजावर गेल्या होत्या. अनोळखी नद्या होत्या तेवढ्याच रुंद होत्या. त्यांनी वस्त्रांच्या ताटाला हात लावून नमस्कार केला, ते किल्लेदारांच्या पायांपाशी सरकवले आणि कोपऱ्याकडे वळले. 

"पंत," ते म्हणाले, "आम्ही तिघं येतो."